पोस्टरची पाठ

सिनेमाचं जुनं पोस्टर कुठल्या देशात छापलं हे ओळखणारा माणूस आपल्या शहरात एकच, आणि तो म्हणजे बुढी लेनमधले इब्राहीमचाचा, असं हिमांशू येईल त्याला सांगायचा. ते ऐकलं की चाचा मान खाली घालून दाढीवरून हात फिरवायचे. आणि त्यांच्या मागं भिंतीला टेकून गुडघे चोळत बसलेल्या त्यांच्या बायकोला, रईसाबींना, वाटायचं की सांग बाबा, काय सांगायचं ते सांग, पण लवकर सांग. मला अजून घरी जाऊन पीठ मळायचंय.

हिमांशू पस्तिशीचा, बोलायला गोड, हातात सतत मोबाइल. औरंगपुऱ्यात एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर दोन खोल्या घेऊन त्यानं धंदा मांडला होता. बंद पडलेल्या टॉकीजमधून, रद्दीवाल्यांकडून, कुणाच्या माळ्यावरून जुनी पोस्टरं जमवायची आणि इंटरनेटवरून परदेशातल्या शौकिनांना विकायची. ह्या शौकिनांचं खूळ जगावेगळं. एकाच इंग्रजी सिनेमाचं पोस्टर अमेरिकेत छापलेलं असतं, तसंच ते इटलीत आणि हाँगकाँगलाही छापलेलं असतं, आणि आपल्या मुंबईतही कुणीतरी तेच चित्र हातानं उतरवून परत छापलेलं असतं. समोरून बघावं तर जुळी भावंडं. पण शौकिनाला त्यातलं कोण कुठं जन्मलं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून पोस्टरबरोबर एक चिठ्ठी जायची. त्यावर देशाचं नाव, तारीख आणि खाली इब्राहीमचाचांची उर्दूतली लफ्फेदार सही. त्या सहीच्या भरवशावर माल पार जपानपर्यंत जायचा, असं हिमांशू म्हणायचा. जपान कुठं आहे हे रईसाबींना माहीत नव्हतं, पण जपानचा कागद कसा असतो ते माहीत होतं.

आता इथंच सांगून टाकतो, कारण लपवाछपवीचा मलाही कंटाळा आहे. सही इब्राहीमचाचांची, पण देश सांगायच्या त्या रईसाबी. हे हिमांशूला ठाऊक नव्हतं आणि दुसऱ्या कुणालाही नव्हतं. पोरगी झेबा शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला, नवऱ्यासोबत तिकडंच राहते. तिलासुद्धा एवढंच माहीत की अब्बांची साखर वाढलीये आणि अम्मी त्यांना एकटं सोडत नाही.

साखरेनं चाचांच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. दोन वर्षं झाली, समोर माणूस उभा असला तर सावली हलल्यासारखं वाटे, बस. बोटंही बधिर झाली होती. चहाचा पेला गरम आहे की गार हे ते ओठांना लावल्यावर सांगत. पण रोजची वाट पायाखालची, बोलणं पहिल्यासारखं खणखणीत, आणि जिना चढताना बायकोच्या खांद्यावर हात ठेवला तर लोकांना वाटायचं गुडघे गेले. गुडघे खरं तर रईसाबींचे गेले होते. दोघांपैकी कुणाचं काय गेलंय याचा हिशेब लोकांनी उलटाच लावला होता, आणि तो दुरुस्त करायला ह्या दोघांनाही नको होतं.

रईसाबी मूळच्या कन्नड गावच्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन ह्या घरात आल्या, तेव्हा इब्राहीम शहरातल्या एका टॉकीजची पोस्टरं चिकटवायचे. खांद्यावर शिडी, सायकलच्या हँडलला खळीचा डबा. गुरुवारी रात्रीपर्यंत शहराच्या भिंती रंगवायच्या आणि मग बाजाराच्या दिवशी बिडकीनला, कधी पार कन्नडपर्यंत. डब्यातली खळ मात्र घरी शिजायची. लग्नाच्या चौथ्या दिवशी सासूनं नव्या सुनेच्या हातात पळी दिली आणि सांगितलं की ढवळत राहा, गाठ होऊ देऊ नको. तेव्हापासून तीस वर्षं त्या ढवळत होत्या. मैद्याची खळ, त्यात मोरचूद. मोरचूद घातलं नाही तर बकऱ्या भिंतीवरची पोस्टरं ओढून खातात. हिरोचं तोंड खाऊन हिरॉईनचं ठेवलेलं पोस्टर त्यांनी स्वतः बघितलं होतं. मोरचुदानं हाताला भेगा पडायच्या आणि त्या भेगांतून मीठसुद्धा झोंबायचं. ती झोंबणारी बोटं घेऊन त्यांनी झेबाचे केस विंचरले आणि सासूचे पाय चेपले. जेवण तर त्याच हातांनी व्हायचंच.

रविवारी सकाळी टॉकीजला इंग्रजी सिनेमे लागायचे. त्यांची पोस्टरं परदेशातून आलेली, मोजकीच, आणि खेळ संपल्यावर मुंबईच्या कंपनीला परत पाठवायची असत. ती भिंतीवर डकवायची नाहीत, काचेच्या चौकटीत लावायची. तरी घडीवर फाटायचीच. फाटलेलं परत गेलं की मॅनेजर इब्राहीमला उभं आडवं बोलायचा. मग इब्राहीम ते गुंडाळून घरी आणायचे आणि रईसाबी जमिनीवर पालथं पसरून मागच्या बाजूनं ठिगळ लावायच्या. पतंगाचा कागद आणि पातळ खळ. पोस्टर पालथं, बाई त्याच्यावर वाकलेली, अशा किती दुपारी गेल्या ते देवच जाणे. पुढच्या बाजूला कोण कोणाच्या मिठीत आहे, कुणाच्या हातात बंदूक आहे, ते बघायला फुरसत नव्हती. टॉकीजचे दोन पास दर आठवड्याला मिळायचे, ते इब्राहीमच्या दोस्तांत वाटले जायचे. आपल्या बायकोला सिनेमाला नेण्याचा रिवाज त्या गल्लीत नव्हता, आणि रिवाज नाही म्हटलं की पुरुषांना लई सोयीचं पडतं.

पण पाठ मात्र त्यांना पाठ झाली. अमेरिकेचा कागद एका अंगानं गुळगुळीत, दुसऱ्या अंगानं पिठासारखा, आणि घड्या आधी आडव्या मग उभी, नेहमी तशाच. इटलीचा मऊ, मोठा, ओला हात लागला की लगेच पोटात घेणारा. हाँगकाँगचा पातळ आणि कडक. लाहोरचा इतका बारीक की लाल रंग मागून जखमेसारखा दिसायचा. मुंबईचा जाड, खरखरीत, त्याला रॉकेलचा वास. देशाचं नाव तेवढं इब्राहीम पुढची अक्षरं वाचून सांगायचे, बाकी हे कुणी शिकवलेलं नव्हतं. खळ कुठल्या कागदाला किती पातळ लागते हे कळल्याशिवाय ठिगळ बसत नाही, म्हणून कळलं.

पुढं टॉकीज बंद झालं, तिथं लग्नाचा हॉल झाला. इब्राहीमचाचांनी दिवाणाखाली जपून ठेवलेले गठ्ठे बघायला दहा वर्षांपूर्वी हिमांशू आला आणि त्यानं विचारलं, चाचा, हे कुठलं आणि ते कुठलं. चाचांना पुढची बाजू चांगली कळायची, अक्षरं वाचता यायची. पण जिथं दोन पोस्टरं अगदी सारखी असत तिथं ते म्हणायचे, उद्या सांगतो, विचार करावा लागेल. विचार घरी, चुलीपाशी बसलेला असायचा. “रईसा, बघ गं जरा,” एवढंच बोलायचं. आणि दुसऱ्या दिवशी हिमांशूपुढं चाचा डोळे मिटून, कागद नाकाशी नेऊन, असं काही बोलायचे की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

डोळे गेल्यावर रईसाबी म्हणाल्या होत्या की आता पोराला सांगून मोकळे व्हा. चाचा दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, ह्या वयात मला कोण विचारतं? मशिदीत जागा देतात ती म्हातारा म्हणून, घरात औषध देतात ते आजारी म्हणून. तिथं एक माणूस मला कायतरी विचारतो. ते पण घालवू? रईसाबींनी मग पुन्हा विषय काढला नाही. त्यांना पटलं होतं अशातला भाग नाही. भांडायलाही अंगात जोर लागतो.

त्यांनी एक पद्धत बसवली. माल आला की रईसाबी धूळ झटकायच्या निमित्तानं आधी वर जायच्या, सगळी पोस्टरं पालथी करून बघायच्या आणि आपल्या मनानं क्रम लावून गठ्ठा रचायच्या. मग खाली येऊन चाचांना घेऊन परत जिना चढायच्या. सव्वीस पायऱ्या, दोनदा. चढता चढता हळू आवाजात सांगायच्या, पहिलं अमेरिका, दुसरं इटली, तिसरं अमुक. चाचा बोटांच्या पेरांवर घोकायचे. त्यांची याददाश्त अजून पोलादी होती, वीस वीस देश ओळीनं म्हणायचे. वरून एक एक उचलायचं आणि बोलायचं. दोन वर्षांत एक चूक झाली नव्हती.

आणि मग पुण्याहून स्वराली आली. पोस्टरांच्या वेडावर ती एक माहितीपट करत होती. हिमांशूनं तिला चाचांबद्दल इतकं सांगितलं होतं की ती कॅमेरा घेऊन थेट माडीवर हजर. चाचांनी त्या दिवशी ईदचा कुर्ता घातला होता. रईसाबींनी सकाळीच जाऊन आठ पोस्टरं बघून रचून ठेवली. हाताळताना फाटू नयेत म्हणून हिमांशूनं त्याच क्रमानं एकेकाला मागून पुठ्ठा लावला आणि सगळी एका मापाच्या प्लास्टिकमध्ये घातली. जिन्यात चाचांनी यादी दोनदा म्हणून दाखवली. अमेरिका, इटली, हाँगकाँग, बेल्जियम, लाहोर, मुंबई, जपान, परत मुंबई.

चाचांच्या कॉलरला स्वरालीनं छोटा माइक लावला. रईसाबी नेहमीसारख्या त्यांच्या मागं बसायला गेल्या, तर हिमांशू हसून म्हणाला, “चाची, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा ना, चित्रात येताय.” त्या उठल्या. चित्रात यायची त्यांना हौस नव्हती, पण उठताना गुडघ्यातून कळ गेली आणि उगाच राग आला.

बाकावरून दार अर्धं दिसत होतं. स्वरालीनं कॅमेऱ्यातून बघितलं, म्हणाली वरचं प्लास्टिक चुरगळलंय, त्याच्यावर दिवा चमकतोय, आणि सगळ्यात वरचं पोस्टर उचलून मागच्या टेबलावर ठेवून दिलं. इतकं सहज, जसं कुणी ताटातली मिरची बाजूला काढावी. हिमांशू वायर सोडवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. चाचा समोर बघत होते, म्हणजे कुठंच बघत नव्हते. रईसाबी बाकावरून उठल्या. वरचं गेलं म्हणजे अमेरिका गेली, आणि आता सगळं एकानं सरकलं.

कॅमेरा चालू झाला. चाचांनी वरचं, म्हणजे आता इटलीचं, हातात घेतलं, प्लास्टिकवरून तळवा फिरवला आणि शांतपणे म्हणाले की हे अमेरिकेचं. त्यांचा कागद कसा असतो, घड्या कशा घालतात, सगळं रंगवून सांगितलं. स्वराली मान डोलवत होती, तिला काय कळणार. हाँगकाँगच्याला त्यांनी इटलीचं म्हटलं. हिमांशूनं मान वर केली. दहा वर्षांत त्यालाही थोडंफार कळायला लागलं होतं. बेल्जियमच्याला हाँगकाँग म्हणाले, तेव्हा त्याच्या कपाळावर आठी आली.

रईसाबी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या होत्या. आत जावं तर सगळं उघडं पडतं. न जावं तर पुढं काय येणार हे त्यांना ठाऊक होतं. लाहोरचं. त्याच्यावर वीतभर उंचीची लाल उर्दू अक्षरं होती, आंधळ्यालाही दिसावीत अशी, असं आपण म्हणतो.

चाचांनी ते उचललं. त्यांच्या बापानं छडी मारून त्यांना जी लिपी शिकवली, जिच्यात ते आयुष्यभर सही करत आले, त्या अक्षरांवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, “हे बेल्जियमचं. छोटा मुल्क, पण छपाई बघा कशी नाजूक.”

हिमांशू हसला. त्याला वाटलं चाचा मस्करी करतात. स्वरालीही हसली. चाचांचा हात त्या अक्षरांवरच थांबला. ते हसले नाहीत, आणि आपण हसायला हवं होतं का हे त्यांना कळेना, हे त्यांच्या तोंडावर इतकं स्वच्छ दिसत होतं की रईसाबींना बघवेना. त्यांनी माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि सरळ आत गेल्या. पेला चाचांच्या हातात देताना वाकून कानात म्हणाल्या, “एक मागं हाय सगळं. वरचं काढून ठेवलंय तिनं.”

कॉलरच्या माइकचं त्या विसरल्या. स्वरालीच्या कानात हेडफोन होता. तिनं तो हळूच काढला आणि विचारलं, “काय एक मागं आहे, चाची?”

रईसाबींना वाटलं, आता चाचा काहीतरी बोलून सावरतील, त्यांच्या जिभेला हाड नाही. चाचांनी पाणी पिऊन पेला परत दिला.

“बस झालं, रईसा,” ते म्हणाले. मग कॅमेरा जिथं असेल असं त्यांना वाटलं तिकडं तोंड करून बोलले, “बाई, मला दिसत नाय. दोन वर्षं झाली. हे सगळं ही सांगते.”

हिमांशू म्हणाला, दोन वर्षं? त्याचा चेहरा उतरला. चाचा म्हणाले, दोन वर्षांचं काय घेऊन बसलास, डोळे होते तेव्हाबी मी अवघड माल घरी नेऊन हिलाच दाखवत होतो. हिमांशू मागच्या टेबलाला टेकला. त्यानं विचारलं, म्हणजे मग मी एवढी वर्षं लोकांना काय देत होतो? त्याच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता.

“खरंच देत होतास,” रईसाबी म्हणाल्या. “एकबी चुकलेलं नाय.”

स्वरालीनं कॅमेरा बंद केला नव्हता. ती म्हणाली, चाची, तुम्ही बसता का इथं? चाचा ते ऐकून उठले. हातानं खुर्चीची पाठ चाचपत बाजूला झाले, कॉलरचा माइक काढायला त्यांना जमेना म्हणून हिमांशूनं काढला. चाचांनी खुर्ची थोडी मागं ओढली आणि म्हणाले, “बस. जागा तुझीच हाय.”

आता रईसाबींना बरं वाटायला हवं होतं. ओझं उतरलं, सव्वीस पायऱ्या दोनदा चढणं संपलं, खोटं संपलं. पण बरं वाटलं नाही. उलट इतका राग आला की त्यांनाच भीती वाटली. पंचेचाळीस वर्षांत नवऱ्यापुढं त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही. एवढ्या थकल्या होत्या की हळूच बोलल्या.

“आता देता होय? पंचेचाळीस वर्षांनी. ते पण डोळे गेले म्हणून.”

हिमांशूनं खाली बघितलं. स्वरालीनं कॅमेऱ्यावरचा हात काढला नाही. चाचा खुर्चीला धरून उभे होते. त्यांना कुठल्याही पोस्टरवर पाऊण तास बोलता यायचं, पण आता एवढंच म्हणाले, “व्हय. डोळे असते तर नसती दिली. खोटं कशाला बोलू.”

माफी मागितली असती तर रईसाबी ऐकून घेऊन विसरल्या असत्या. काहीतरी गोड बोलले असते तर चिडल्या असत्या. हे त्यांना अपेक्षित नव्हतं. ते लागलं, खोल लागलं, आणि तरी लग्नापासून आजवर त्या माणसानं त्यांना इतकं खरं काही सांगितलेलं त्यांना आठवत नव्हतं.

त्या खुर्चीत बसल्या. गुडघा दाबून सरळ केला, ओढणी नीट केली.

“त्यांना स्टूल दे बाबा, किती वेळ उभे राहतील,” त्या हिमांशूला म्हणाल्या. मग समोरचं लाल अक्षरांचं पोस्टर आपल्याकडं ओढलं. “आणि हे प्लास्टिक, पुठ्ठा सगळं काढ आधी. मला पाठ बघू दे.”